आजचं चिंतन: सहन करणं म्हणजे गप्प बसणं का?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४.

श्लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख होणारच. ते येतं आणि जातं, कायम राहत नाही. तेव्हा अर्जुना, ते सोस, असं भगवंत सांगतात. मी हा श्लोक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना पाठ केला. तेव्हापासून व्हायवापासून अप्रेझलपर्यंत सगळीकडे तो मनात म्हणत आलोय. त्यामुळे तो मला कळलाय, असं मी धरूनच चाललो होतो. गेल्या आषाढात, नवमीच्या रात्री, अहमदाबादच्या विमानतळावर एका बंद विमानात बसलेलो असताना तो मला काडीचाही कळलेला नाही हे लक्षात आलं.

झालं असं. आमचे बाबा ७१ वर्षांचे आहेत. गेली बावीस वर्षं आळंदीहून पायी वारी करतात. दोन्ही गुडघे आता बोलायला लागलेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी एसटीने जा. मी बावीस वर्षांत एकदाही त्यांच्याबरोबर चाललो नव्हतो. आधी परीक्षा, मग नोकरी, मग अमेरिका. या वेळी मात्र ठरवलं. पूर्ण वारी जमणार नव्हती, पण दशमीला वाखरीहून पंढरपूरपर्यंतचा शेवटचा टप्पा तरी बाबांच्या शेजारून चालायचा. नवमीच्या रात्री साडेनऊला मुंबईत उतरायचं, बाहेर गाडी उभी असेल, रात्रभर प्रवास करून पहाटे वाखरीच्या तळावर हजर. पालखी दुपारी निघते. हिशोबात चांगले पाच-सहा तास हाताशी होते. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बफर ठेवल्याशिवाय प्लॅन करत नाही.

पंधरा तासांचा प्रवास निर्विघ्न झाला आणि मुंबईच्या डोक्यावर येऊन आम्ही अडकलो. खाली मुसळधार पाऊस. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसाने दिसेनासं झालं की वर विमानांची रांग लागते. चाळीस मिनिटं आम्ही घिरट्या घालत होतो. मग कॅप्टनने सांगितलं की इंधनाचा विचार करता आपण अहमदाबादला जातोय.

मला या प्रकाराची तांत्रिक बाजू थोडीफार माहीत आहे. विमान निघतानाच त्यात फक्त मुक्कामापर्यंतचं इंधन भरत नाहीत. मुक्कामी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि त्याच्याही वर, शेवटचा राखीव साठा म्हणून ३० मिनिटं हवेत राहता येईल एवढं इंधन धरलेलं असतं. या शेवटच्या साठ्याला हात लावायची वेळ येऊ नये, असंच सगळं नियोजन असतं. म्हणजे कॅप्टनने केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. मी शेजारच्या मावशींना हे सगळं समजावूनही सांगितलं. मावशी कराडच्या. लेकीचं बाळंतपण उरकून सहा महिन्यांनी घरी निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाबा, माणूस शहाणा दिसतोय."

इथपर्यंत माझी गीता शाबूत होती.

सव्वाअकराला अहमदाबादला उतरलो. "तासाभरात परत निघू," असं सांगितलं गेलं. साडेबाराला कळलं की वैमानिकांच्या आणि क्रूच्या ड्युटीची कायदेशीर मर्यादा संपलीये, आता मुंबईहून दुसरा क्रू येईल तेव्हाच विमान हलेल. हा नियमही योग्यच आहे. सतरा-अठरा तास कामावर असलेल्या माणसाने पावसात विमान उतरवू नये, हे कुणालाही पटेल. पण क्रू कधी येणार, तोवर आम्ही कुठे बसायचं, खाली उतरवणार की नाही, याबद्दल कंपनीकडून चकार शब्द नाही. एसी मधूनच बंद पडायचा. मागच्या रांगेत एक तान्हं बाळ रडून रडून थकलं होतं. पाणी संपत आलं होतं. दोन वाजले.

मी कॉल बटण दाबलं. एक मुलगी आली, पंचविशीची असेल. मी तिला विचारलं, आणि ती म्हणाली, "सर, आमच्याकडेही अजून अपडेट नाही." मग मी बोलायला लागलो. आवाज कधी चढला ते कळलं नाही. तीन तास झाले, माणसं म्हणजे काय सामान आहे का, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, माझे वडील तिकडे वाट बघतायत, असं सगळं. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या, तसा मला आणखी जोर चढला. ती मुलगी उभी राहून ऐकत होती. चेहऱ्यावर ते शिकवलेलं, अर्धं हसू. शेवटी म्हणाली, "आय अंडरस्टँड, सर." आणि गेली.

मला बरं वाटलं. खरं सांगतो, अगदी हलकं वाटलं. आणि याच हलकेपणाची आता लाज वाटते.

दहा मिनिटांनी शेजारच्या मावशी उठल्या. हळूहळू मागे पॅन्ट्रीपर्यंत गेल्या. त्यांचं हिंदी मला ऐकू येत होतं: "बेटी, वो बाळ के दूध के लिए गरम पानी पाहिजे." त्या मुलीने काहीतरी सांगितलं. मावशी परत आल्या, बसल्या, पाच मिनिटांनी पुन्हा गेल्या. पुन्हा तेच वाक्य, तोच आवाज. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा हातात थर्मासचं झाकण भरून पाणी घेऊनच आल्या आणि ते बाळाच्या आईला दिलं. परत येताना त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "तू पण कधीपासून उभी आहेस गं, जरा टेक की." मराठीतच. त्या मुलीला मराठी येत होतं की नाही कुणास ठाऊक, पण ती टेकली.

आता इथे एक सोपं तात्पर्य काढता येईल: ओरडून काम होत नाही, गोड बोलून होतं. पण ते मला पुरेसं वाटत नाही. समजा मावशींना पाणी मिळालं नसतं, आणि माझ्या ओरडण्याने मिळालं असतं, तर मी बरोबर ठरलो असतो का? काम झालं की नाही यावर शांतपणाची किंमत ठरणार असेल, तर ती एक युक्ती झाली, साधना नाही. कस्टमर केअरशी कसं बोलावं, याचा तो धडा झाला.

म्हणून मी पुढचे काही तास, आणि त्यानंतर बरेच दिवस, माझ्या रागाचाच तपास करत होतो. आमच्या कामात मोठी सिस्टीम बंद पडली की नंतर आम्ही एक अहवाल लिहितो. त्याचा पहिला नियम असा की व्यक्तीला दोष द्यायचा नाही. काय घडलं, कुठल्या क्रमाने घडलं, कुठे यंत्रणा कमी पडली, एवढंच लिहायचं. असे अहवाल मी कितीतरी लिहिलेत. ज्युनिअर मुलांना त्यावर लेक्चर दिलंय. तोच मी, पाऊस पडला म्हणून, धावपट्ट्या एकमेकींना छेदतात म्हणून, कंपनीच्या ऑफिसमध्ये कुणी फोन उचलत नव्हतं म्हणून, एका दमलेल्या मुलीला बोललो. कारण पावसाला तोंड नसतं. कंपनीलाही नसतं. रागाला समोर एक चेहरा लागतो, आणि तिथे चेहरा फक्त तिचा होता.

यापेक्षाही एक गोष्ट मला जास्त टोचली. ती मुलगी मला उलट बोलू शकत नव्हती. तिची ड्युटी तासांच्या हिशोबाने कधीच संपली होती, पण गणवेश अंगावर होता आणि हसणं नोकरीचा भाग होतं. म्हणजे त्या रात्री विमानात सोसणं झालं, पण ते तिने केलं. गीता माझ्या पाठ, आणि तितिक्षा तिच्या वाट्याला. माझं दुःख सोसायचं काम मी एका पगारी माणसावर ढकललं होतं. आपण शहरात राहणारी मुलं-मुली हे रोज करतो, म्हणून लिहितोय. डिलिव्हरीवाला उशिरा आला, कॅब ड्रायव्हरने वळण चुकवलं, सोसायटीच्या वॉचमनने गाडी अडवली. ज्यांना परत बोलायची सोय नाही त्यांच्यापाशीच आपला राग अगदी मोकळा होतो. मॅनेजरसमोर तोच राग बरोबर ताब्यात असतो. म्हणजे रागावर ताबा नाही, हे खोटं आहे. ताबा आहे, फक्त कुठे सोडायचा हे आपण बघून ठरवतो.

बरं, मग काय करायला हवं होतं? गप्प बसायला? श्लोकाचा अर्थ तोच आहे का?

हा प्रश्न खरा आहे, कारण आपल्या परंपरेत तसा अर्थ काढायला जागा आहे. 'विवेकचूडामणी' हा ग्रंथ परंपरेने आद्य शंकराचार्यांचा मानला जातो. त्यात तितिक्षेची व्याख्या आहे. तिचा आशय असा: सगळी दुःखं प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणं. प्रतिकार न करता! मग अन्याय झाला तरी बोलायचं नाही का? बाळाला पाणी नसलं तरी? असं असेल तर तितिक्षा ही कंपन्यांना आणि सत्ताधाऱ्यांना फार सोयीची गोष्ट होईल.

पण गीतेत हा उपदेश कुणाला आणि कधी केलाय ते बघा. चौदाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला 'सोस' म्हणतात. आणि अठराव्या श्लोकात, म्हणजे फक्त चार श्लोकांनंतर, 'युद्ध कर' म्हणतात. दोन्ही आज्ञा एकाच माणसाला, एकाच संभाषणात. सोसणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असतं, तर या दोन आज्ञा एकमेकींना मारक ठरल्या असत्या. त्या मारक नाहीत, कारण दोघींचं क्षेत्र वेगळं आहे. सोसायचं आहे ते माझ्या आत जे उठतं ते: उकाडा, भूक, 'माझं ठरलेलं मोडलं' ही जळजळ. आणि करायचं आहे ते बाहेर, जे माझं कर्तव्य आहे ते. आतलं सोसता आलं नाही की बाहेरचं काम बिघडतं. अर्जुनाचं नेमकं तेच झालं होतं, धनुष्य गळून पडलं होतं. माझं उलट झालं, जीभ सुटली. मूळ एकच.

विवेकचूडामणीतली व्याख्याही मला या बाजूने उलगडते. ती मोक्षाची तळमळ लागलेल्या साधकासाठी आहे, आणि बोलणं आहे स्वतःच्या दुःखाबद्दल. शेजारच्या बाळाची तहान मी 'सोसणं' ही तितिक्षा नव्हे. दुसऱ्याचं दुःख आपण सोसायला लागलो, तर तो नुसता कोरडेपणा. मावशींनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. त्यांना मधुमेह आहे, हे मला नंतर पहाटे कळलं. पर्समधल्या दोन खजुरांवर त्यांनी रात्र काढली होती. बाळासाठी मात्र त्या तीन वेळा उठल्या.

आणि तिसरी एक गफलत, जी माझ्यासारख्या लोकांची खास आहे. ओरडून झाल्यावर मी हेडफोन लावले, डोळे मिटले आणि ठरवलं की आता मला काही फरकच पडत नाही. याला आपण 'चिल' म्हणतो आणि मनातल्या मनात त्याला स्थितप्रज्ञता समजतो. पण शब्दाचं मूळ बघितलं तर गंमत आहे. 'तितिक्षा' हा शब्द 'तिज्' धातूपासून आला, आणि या धातूचा मूळ अर्थ धार लावणं. 'तीक्ष्ण' आणि 'तेज' हे शब्दही तिथूनच आले. म्हणजे सोसून माणूस बोथट होत असेल तर ती तितिक्षा नव्हेच. सोसताना आजूबाजूचं जास्त स्पष्ट दिसायला हवं: कुणाला पाणी हवंय, कोण कधीपासून उभं आहे.

संत एकनाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पैठणला नाथ गोदावरीचं स्नान करून येत, आणि वाटेत एकजण त्यांच्या अंगावर थुंकत असे. नाथ परत नदीवर जात, परत स्नान करत. असं कितीदा झालं, याचे आकडे सांगणाऱ्यागणिक वेगळे आहेत. ही गोष्ट मी नेहमी 'नाथ किती शांत' एवढ्यावरच ऐकली होती. या वेळी आणखी एक दिसलं. नाथांनी त्याला मारलं नाही, हे खरंच. पण त्यांनी स्नानही सोडलं नाही. 'जाऊ दे, आजचा दिवस असाच' असं म्हणून ते तसेच घरी गेले नाहीत, आणि दुसऱ्या वाटेनेही गेले नाहीत. त्यांचं जे काम होतं ते त्यांनी प्रत्येक वेळी पूर्ण केलं. मावशींचं तीन वेळा पॅन्ट्रीत जाणं मला त्याच जातीचं वाटतं. नाथांशी तुलना करतोय असं नाही, पण वाट तीच आहे.

पहाटे पावणेपाचला आम्हाला खाली उतरवून एका हॉलमध्ये बसवलं. उतरताना दारात तीच मुलगी उभी होती. मी थांबून म्हणालो, "सॉरी, रात्री मी फार बोललो." ती म्हणाली, "इट्स ओके, सर." माझ्याकडे न बघता. मागून लोक येत होते. ते 'ओके' मनापासूनचं होतं की तेही ड्युटीतलं, हे मला कधीच कळणार नाही. माफी मागितली म्हणून ती मिळालीच, असं समजायचा हक्क मला नाही. हेही सोसायच्या यादीतच आलं.

पाच वाजता बाबांना फोन लावला. मागे टाळांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, म्हणालो, "बाबा, मी पोचत नाही. तुम्ही थांबाल का?" विचारल्यावर मलाच कळलं की काय विचारतोय.

बाबा म्हणाले, "अरे, दिंडी कशी थांबेल? तू सावकाश ये. देव कुठं जातोय? काही खाल्लंस का?"

दहाला विमान उडालं. मुंबईतून गाडी निघाली तेव्हा दुपारचा एक वाजला होता, आणि त्याच सुमारास वाखरीहून पालखी हलली असणार. मी पंढरपुरात पोचलो रात्री दहाला, तेही शेवटचं अंतर गर्दीतून चालत. बाबा मठाच्या ओसरीवर पाय पसरून बसले होते. गुडघ्यांना तेल लावलेलं. मी काही न बोलता त्यांचे पाय चेपायला बसलो. ते म्हणाले, "विमानात फार हाल झाले का रे?" अडीचशे किलोमीटर चालून आलेला माणूस मला विचारत होता.

एकादशीला आम्ही चंद्रभागेत स्नान केलं आणि कळसाचं दर्शन घेतलं. पददर्शनाच्या बारीत माणसं कित्येक तास उभी होती. तीच उभं राहण्याची पायदुखी, तोच उकाडा, तीच तहान, पण कुणी कुणावर ओरडत नव्हतं. मी बाबांना म्हणालो की विमानातही असंच बसता यायला हवं होतं. बाबा म्हणाले, "बारीत उभं राहायला माणूस आपणहून आलेला असतो. त्यात काय मोठं? न मागता जी बारी लागते तिथं खरं कळतं."

ते चालणं मात्र राहिलंच. या वर्षी बाबा एसटीने जाणार आहेत. वाखरी ते पंढरपूर त्यांच्या शेजारून चालणं आता माझ्या आयुष्यात नाही. 'जे होतं ते चांगल्यासाठीच' असं म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही. ते दुःख आहे. येतं, आणि जातं, आणि परत येतं. श्लोकात ते नाहीसं होईल असं कुठेच म्हटलेलं नाही, सोस एवढंच म्हटलंय.

परत आल्यावर मी विमान कंपनीला पत्र लिहिलं. पावसाबद्दल एक शब्द नाही. किती वाजता काय सांगितलं गेलं, किती वेळ काहीच सांगितलं गेलं नाही, पाणी कधी संपलं, तान्ह्या बाळांची काय सोय असायला हवी, हे क्रमाने. क्रूबद्दल लिहिलं की त्यांनी शक्य होतं ते केलं, त्यांनाही कुणी काही कळवत नव्हतं. उत्तर आलं ते ठरावीक साच्याचं. मी दुसरं पत्र पाठवलंय. मावशी तीन वेळा उठल्या होत्या, माझं अजून एक पत्र बाकी आहे.

आजचा अभ्यास: आज दिवसभरात कुठेतरी खोळंबा होईलच. ट्रॅफिक, ओटीपी, लिफ्ट, मीटिंग, काहीही. तेव्हा राग आला की स्वतःला एवढंच विचारा: समोरचा माणूस मला उलट बोलू शकतो का? बोलू शकत नसेल, तर आधी थांबा. मग जे मागायचं ते जरूर मागा, गरज पडली तर तीनदा मागा. आणि मागून झालं की त्यालाही विचारा, कधीपासून उभा आहेस.

राम कृष्ण हरी.